झेलणारीची जागा

आमच्या घरी दोन आवाज कायम असत. एक मिठागरावरून येणाऱ्या वाऱ्याचा, आणि दुसरा आयेचा. आये म्हणजे माझी आई. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत भटजी येवो न येवो, धवलारीण लागतेच. हळदीला, मांडवाला, देवांना बोलावणं करताना जी लांबलचक गाणी म्हणायची त्यांना धवले म्हणतात आणि ती सगळी आयेच्या तोंडात होती. ती भाकऱ्या थापताना गुणगुणायची, खाडीतली निवट्यांची मासळी साफ करताना गुणगुणायची, आणि मिठागरावर फळीने मीठ ओढताना तर मोठ्याने म्हणायची. खाडीकाठचं आमचं ते गाव आता एका सेक्टरच्या आकड्याने ओळखलं जातं. मिठागराच्या जागी सोसायट्या आहेत, त्यांच्या गच्चीवर सौरऊर्जेची पॅनेलं आहेत. पण वारा अजून खारटच येतो, हे मी परवाच जाऊन पाहिलं.

धवला एकटीने म्हणता येत नाही. सांगणारी एक ओळ सांगते आणि तिच्या समोर बसलेली दुसरी बाई ती ओळ झेलते, म्हणजे तीच ओळ त्याच चालीत परत म्हणते. तोवर सांगणारीला श्वास घ्यायला मिळतो आणि पुढची ओळ तिच्या मनात येते. आयेची झेलणारी होती हिराकाकी, माझ्या धाकट्या काकाची बायको. दोघींची घरं एकाच परसात. काकी आमच्या घरात कधी पुढच्या दाराने आलेली मला आठवत नाही. ती मागच्या दाराने यायची, आणि तिचे हात नेहमी ओले असायचे. कधी भांड्यांचे, कधी मासळीचे, कधी नुसते धुतलेले. ते लुगड्याला पुसत पुसतच ती बोलायला लागायची. "काय गो, चिंबोऱ्या केल्यास आनि मना सांगलास पन नाय?" असं म्हणून ती टोपाचं झाकण उघडायची. आये म्हणायची, "तुला सांगायला काय कावळा धाडू? वास गेला नं तुज्या नाकात?" त्यांचं बोलणंही मला आता धवल्यासारखंच वाटतं. एकीने टाकायचं, दुसरीने झेलायचं.

मी आमच्या घरातली पहिली कॉलेजात गेलेली मुलगी. मुलांतही कोणी गेलं नव्हतं. पनवेलच्या कॉलेजात मी बी.ए.ला नाव घातलं आणि दुसऱ्या वर्षी तत्त्वज्ञान हा विषय घेतला. का घेतला, हे मला नीट सांगता आलं नसतं, अजूनही कोणी विचारलं तर मी जरा अडखळते. पहिल्या वर्षी एकदा चुकून त्या वर्गात बसले होते. मराठे सर विचारत होते, "एखादी गोष्ट खरी आहे असं तुम्हाला कशावरून कळतं?" आणि पुढे पाच मिनिटं गप्प उभे होते. शिक्षक प्रश्न विचारून गप्प राहू शकतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, इथे बसावं.

बाबांना तत्त्वज्ञान म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि मला समजावता येत नव्हतं. ते म्हणाले, "शिक. पन शिकून काय होतं ते मना सांग." कळंबोलीच्या लोखंड बाजारात मामाच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचं ऑफिस होतं, तिथे टेलिफोनवर बसायला मुलगी हवी होती. बाबांनी ठरवलं, दुसरं वर्ष होऊ दे. तिसऱ्या वर्षाला विषय चालू राहिला तर ठीक, नाही तर जूनपासून कळंबोली. त्यांनी हे रागाने सांगितलं नव्हतं. जेवताना, भातावर कालवण घेत सांगितलं. म्हणूनच ते पक्कं होतं.

विषय चालू राहणं मराठे सरांच्या हातात होतं. त्यांची एक पद्धत होती. वर्षाच्या सुरुवातीला ते फळ्यावर चार शब्द लिहीत: भाषा, श्रद्धा, धैर्य, प्रतिभा. प्रत्येकाने त्यातल्या एकावर कागद न घेता वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं. ज्याला ते जमणार नाही त्याला ते तिसऱ्या वर्षी विशेष विषय म्हणून तत्त्वज्ञान देत नसत. "लिहिता सगळ्यांना येतं," ते म्हणत, "विचार करताना मला तुम्हाला पाहायचं आहे." आणि कोणीही काहीही बोललं की त्यांचा एकच शब्द यायचा. "उदाहरण?" मुलं त्यांना पाठीमागे उदाहरणसर म्हणत.

दिवाळीआधी माझी पाळी आली. मी धैर्य हा शब्द घेतला होता. ग्रंथालयातल्या पुस्तकातून वाक्यं पाठ केली होती. "धैर्य हा भीतीचा अभाव नसून भीतीवरील विवेकाचे नियंत्रण होय," असं मी छान म्हटलं. सर म्हणाले, "उदाहरण?" माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. तोंडातून निघालं ते असं, "नाय सर, मना आठवत नाय." वर्ग हसला. फार दुष्टपणे नाही, पण हसला. पहिल्या बाकावरची अनघा, जी पुढे माझी जन्माची मैत्रीण झाली, तीही हसली. मी बसले. सर हसले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की माघात पुन्हा एकदा संधी मिळेल, आणि ती शेवटची.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट मनात धरली. वर्गात जाताना घरची भाषा फाटकाबाहेर ठेवायची. मी घरीही शुद्ध बोलायचा सराव करू लागले. भाजी निवडताना मोठ्याने म्हणायची, "धैर्य हा भीतीचा अभाव नसून..." आये चुलीपाशी बसून ऐकायची.

"काय गो सुमे, कोनाशी बोलतेस?"

"कोनाशी नाय. पाठ करतंय."

"समोर कोन नाय आनि बोलतेस?"

"वर्गात असतील ना समोर."

"मंग त्यांच्याशी बोल. चुलीला कशाला सांगतेस? ती काय झेलनार हाय?"

हिराकाकी मागच्या दारातून म्हणाली, "अगो, तिला बोलू दे. शिकलेली हाय. शिकलेली मानसा एकटीच बोलतात." दोघी हसल्या. मी रागावून परसात गेले. आता वाटतं, आयेचं तेव्हाचं म्हणणं मी नंतर सगळं आयुष्य विद्यार्थ्यांना जड शब्दांत शिकवलं. पण त्या दिवशी मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर आजही मला ते पूर्ण पटत नाही. माणूस एकटाही विचार करतो. परसात बसून मी एकटीच करत होते.

दिवाळीनंतर हिराकाकी गेली. ताप आला, पनवेलच्या दवाखान्यात नेली, आणि चार दिवसांत परसातलं एक घर गप्प झालं. काकीची मुलगी वनिता, माझ्याच वयाची, तिचं लग्न आधीच ठरलेलं होतं. नवऱ्याकडच्यांनी वर्षभर थांबायची तयारी दाखवली, पण काका म्हणाला की हिरानेच तारीख काढली होती, मोडायची नाही. लग्न माघातच ठरलं. आणि सरांनी मला दिलेला दिवस हळदीनंतरच्या सोमवारचा निघाला.

आयेसमोरचा प्रश्न वेगळा होता. तिला झेलणारी नव्हती. गावात गाणाऱ्या बाया होत्या, पण आयेचे धवले तिच्याच चालीने झेलणारी एकच होती. आयेने दोन दिवस वाट पाहिली. मग मला म्हणाली, "तू बसशील." मी म्हटलं, मला येत नाही. ती म्हणाली, "लहानपनापासून ऐकतेस. झेलनारीला काय यायला लागतं? मी बोलले ते बोलायचं. आपलं डोकं लावायचं नाय." मी म्हटलं, मला सोमवारची तयारी करायची आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापू लागली. तिने आग्रह केला असता तर मी नाही म्हटलं असतं. थापण्याचा तो आवाज मला सहन झाला नाही. मी बसते म्हटलं.

मी सराव केला तेव्हा पुष्कळ शब्द मला कळत नव्हते. मी अर्थ विचारला की आये म्हणायची, "मना नाय म्हाईत. माज्या आयेलापन नव्हता म्हाईत." मला हे विचित्र वाटायचं. अर्थ माहीत नसलेला शब्द इतक्या विश्वासाने म्हणायचा? मी म्हटलं, मग हे खोटंच नाही का? आये म्हणाली, "खोटा कसा? म्हटल्यावर लगीन लागतंय ना?" मी ते सरांना विचारायचं ठरवलं.

हळदीच्या दिवशी दिवेलागणीला काकाच्या घरापुढच्या मांडवाखाली आम्ही बसलो. वनिता पाटावर, तिच्या भोवती सवाष्णी. तांदळाचे वडे तळल्याचा वास, बाहेर पोरांचा दंगा, पलीकडच्या आळीतून टेपवर वाजणारी गाणी. आये एका बाजूला मांडी घालून बसली, तिच्या समोर काकीच्या जागी मी. काका घराच्या उंबऱ्यावर गुडघे जवळ घेऊन बसला होता. बायांच्या कामात पुरुष येत नाहीत, पण त्याला कोणी उठ म्हटलं नाही.

आमच्यात हळद लावण्याआधी बोलावणं असतं. आधी गावदेवीला बोलवायचं, मग खाडीला, मग मिठागराच्या राखणदाराला, आणि शेवटी घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. प्रत्येकाला त्याच्या एखाद्या ओळखीने बोलवतात. आजोबांना 'होडीवरून या' म्हणतात, कारण ते होडीवर असत. पणजीला 'काठी टेकत ये' म्हणतात. या ओळी ठरलेल्या असतात. पण कोणी नव्याने गेलं की त्या माणसाची ओळ धवलारणीला नवी करावी लागते, आणि ती ती आधी कोणाला सांगत नाही. मांडवातच पहिल्यांदा म्हणते.

गावदेवी आली, खाडी आली, राखणदार आला. आये सांगत होती, मी झेलत होते. माझा आवाज सुरुवातीला कापरा होता, मग आयेच्या आवाजामागे चालायला लागला. आजोबा झाले. पणजी झाली. मग आये थांबली.

सगळ्यांना कळलं की आता हिराकाकीचं नाव यायचं. आयेने तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. तिने पदराने ओठ पुसले, पुन्हा तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांतून पाणी नव्हतं येत, ती नुसती माझ्याकडे पाहत होती, आणि मला कळलं की ती मला पाहतच नाही. त्या जागेवर मी बसले होते आणि ती काकीला पाहत होती. धवला मध्ये तुटणं वाईट मानतात. मांडवातल्या बाया चुळबुळू लागल्या. एक म्हातारी आयेचं नाव घेऊन पुटपुटली, "बायजे, बोल गो. पोरीची हलद सुकते." वनिताने मान खाली घातली. काका उंबऱ्यावर तसाच.

झेलणारीने आधी बोलायचं नसतं. हे मला माहीत होतं, लहानपणापासून. मला हेही माहीत होतं की मी काही म्हटलं आणि चुकीचं निघालं तर ते वनिताच्या लग्नाला कायमचं चिकटेल आणि गावभर होईल की कॉलेजातल्या पोरीने हळद मोडली. सरांच्या वर्गात अडले तशीच मी पुन्हा अडले होते. फरक एवढाच होता की या वेळी पाठ केलेलं काही माझ्याजवळ नव्हतं. समोर एक बाई होती आणि तिला ओळ हवी होती. मी म्हटलं,

"मागल्या दारानं ये गो हिरे, वल्या हातानं ये,
लेकीची हलद तुजी, पदराला पूस नि ये."

चाल आयेचीच होती. मांडव एकदम शांत झाला. मला वाटलं, संपलं सगळं. मग आयेने ती ओळ झेलली. हळू आवाजात, पहिले दोन शब्द फाटलेले, पण पूर्ण झेलली. मी पुन्हा म्हटली, तिने पुन्हा झेलली, आणि तिसऱ्यांदा सगळ्या बायांनी उचलली. तेव्हा काका उठला. तो घरात गेला, आणि मांडवातून आम्हाला दिसलं की त्याने मागचं दार उघडलं, दोन्ही फळ्या, आणि त्या वाऱ्याने लागू नयेत म्हणून खाली पाट्याचा वरवंटा लावला. मग येऊन पुन्हा उंबऱ्यावर बसला. आयेने पुढची ओळ घेतली. मी झेलायला लागले.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना आये मला म्हणाली, "झेलनारीन पयली बोलत नाय. परत करू नको." मी बरं म्हटलं. ती थोड्या वेळाने म्हणाली, "वल्या हातानं. तुना कसा आठवला गो?" मी म्हटलं, "तुला नाय आठवला?" तिचे हात ओले होते, तिने ते लुगड्याला पुसले.

सोमवारी मी वर्गात उभी राहिले. पाठ केलेलं धैर्य मी घरीच सोडून आले होते. मी म्हटलं, "सर, मी आधी उदाहरण सांगणार आहे." आणि मी मांडव सांगितला. ओळ आली तेव्हा मी ती जशी होती तशी म्हटली, 'वल्या' आणि 'हलद' सकट. मागच्या बाकावर कोणी तरी हसलं. मी थांबले. हसणं संपू दिलं, आणि मग पुढे बोलले. हे मी ठरवून केलं होतं. घरातून निघताना, रिक्षात, जिना चढताना मी हेच घोकत होते की हसले तर बसायचं नाही. दहा मिनिटं झाली की नाही मला माहीत नाही.

"हे धैर्याचं उदाहरण आहे की श्रद्धेचं?" सरांनी विचारलं.

"मला अजून वेगळं करता येत नाही, सर."

"ठीक. तुमची काकी त्या रात्री आली असं तुम्ही मानता?"

मी विचार केला. खरंच केला, सगळ्यांसमोर. "मला माहीत नाही, सर. पण दार सकाळपर्यंत कोणी लावलं नाही."

सरांनी चष्मा काढला. "आणि ती ओळ तुम्ही रचलीत. म्हणजे प्रतिभा तुमची."

"नाय, सर," मी म्हटलं, आणि या वेळी कोणी हसलं नाही. "चाल आयेची आहे. ओले हात काकीचे आहेत. आयेने झेलली नसती तर ती ओळ झालीच नसती. माझं त्यात काय?"

"हे मला पटलेलं नाही," सर म्हणाले. "कोणी तरी एकाने आधी तोंड उघडलं होतं. त्याला नाव हवं." मग हजेरीपटाकडे वळून म्हणाले, "जूनमध्ये या. तेव्हा भांडू."

आम्ही पुढची वीस वर्षं भांडलो. मी एम.ए. केलं, शिकवायला लागले, त्यांच्याच वर्गात त्यांच्याच फळ्यावर चार शब्द लिहिले. ते निवृत्त झाल्यावर मी दर महिन्याला त्यांच्या घरी जायची, आणि चहा येण्याआधीच ते म्हणायचे, "बोला, नाव कोणाचं?" शेवटपर्यंत त्यांनी मान्य केलं नाही आणि मीही केलं नाही. कळंबोलीच्या ऑफिसात टेलिफोनवर दुसरी कोणी मुलगी बसली. बाबांनी तिसऱ्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी विचारलं, "मंग, शिकून काय होतं ते कललं का?" मी म्हटलं, अजून नाही. ते म्हणाले, "मंग शिक."

आये आता नाही. तिला बोलवायची ओळ मीच केली, ती इथे लिहीत नाही. काही ओळी मांडवातच म्हणायच्या असतात.

गेल्या महिन्यात मी रोडपालीला एका हळदीला गेले होते. अनघाच्या शेजाऱ्यांकडची, उरणकडची मंडळी, आमच्या नात्यातली कोणी नाही. हॉल मोठा, वातानुकूलित, स्पीकर भिंतीएवढे. मध्येच स्पीकर बंद झाले आणि दोन बाया समोरासमोर बसल्या. एक म्हातारी, एक जीन्सवर ओढणी घेतलेली तरुण मुलगी. मी मागच्या रांगेत होते. बोलावणं सुरू झालं. गावदेवी, समुद्र, मोरा बंदराचा धक्का, मग घरची गेलेली माणसं. आणि म्हातारीने कोणा जनीला बोलावलं:

"मागल्या दारानं ये गो जने, वल्या हातानं ये..."

मुलीने ओळ झेलली. माझ्या शेजारची बाई खुर्चीतून उठली आणि भिंतीकडेने चालत हॉलच्या मागच्या दाराशी गेली. मी हळूच तिच्या मागे गेले आणि विचारलं, "दार का उघडताय?" ती म्हणाली, "ही ओळ आली का उघडायचा असतं. आमच्यात पद्धत हाय. जुनी." मी विचारलं, "कोणी सुरू केली?" ती म्हणाली, "कोनी म्हंजे? पयल्यापासून हाय."

तिने दार ढकललं तसा हॉलचा व्यवस्थापक धावत आला. तरुण पोरगा, गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. "ताई, प्लीज, एसी चालू आहे. दरवाजा बंद ठेवा ना."

"थांब रे दोन मिनटा," बाई म्हणाली. "यायचंय कोनाला तरी."

"बाहेर राहिलेत का कोणी? आधी बोलायचं ना." त्याने बाहेर वाकून पाहिलं. पार्किंगच्या पिवळ्या दिव्याखाली कोणी नव्हतं. आत बाया तिसऱ्यांदा ती ओळ उचलत होत्या. दाराची स्प्रिंग जोरात होती, बाईने सोडलं असतं तर ते आपोआप लागलं असतं. पोराने एकदा आत पाहिलं, एकदा बाहेर, आणि वॉकीटॉकी कमरेला लावून तो दोन्ही हातांनी दार धरून उभा राहिला.